गुंड्या ठणठणीत आहे, तरी डॉक्टर मेटिंगला नाही म्हणतात

पाइपवाला पाचपाखाडी

मंडळी, नमस्कार. मी इथे नुसता वाचून पसार होणाऱ्यांतला. पण आता घरात दोन पक्ष पडलेत आणि सोमवारपर्यंत कोलशेतच्या एका कुटुंबाला हो की नाही ते कळवायचंय, म्हणून लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा गुंड्या. गोल्डन रिट्रीव्हर, नर, वय १६ महिने, वजन ३१ किलो. केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागदावरचं नाव एवढं लांबलचक की अण्णा (माझे वडील, वय ८१) विचारतात, कुत्रा आणलाय की संस्थानिक? घरात तो गुंड्याच. पंचेचाळीस दिवसांचा असताना आणला. तेव्हा त्याच्या छातीला कुणी नळी लावली होती की नाही देव जाणे. फाइलमध्ये जंताचं औषध आणि पहिली लस एवढीच नोंद आहे.

तिसऱ्या महिन्यात रेबीजच्या इंजेक्शनला नेला. आमचे डॉक्टर बोलघेवडे, सुई टोचतानाही क्रिकेट चालू असतं. त्या दिवशी नळी लावली आणि बोलायचेच थांबले. पोराला पंखा बंद करायला सांगितला. डावीकडून ऐकलं, उजवीकडून ऐकलं, मांडीच्या आत बोटं ठेवून नाडी बघितली. म्हणाले, "मर्मर आहे, म्हणजे ठोक्याबरोबर जादा आवाज. मोठेपणा सहापैकी दोन. पिल्लांत असतो असा, बऱ्याच वेळा पाच-सहा महिन्यांत जातो. बघू या." तो गेला नाही. आठव्या महिन्यात सहापैकी तीन झाला. तेराव्या महिन्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) केला.

इकोची खोली अंधारी. टेबलाला मधोमध भोक, त्यावर गुंड्याला कुशीवर आडवा धरायचा आणि डॉक्टर खालून भोकातून यंत्र लावणार. मी पुढचे पाय धरलेले, बायकोने डोकं. स्पीकर चालू केला तर आवाज ओळखीचा निघाला. जुन्या बिल्डिंगमध्ये पहाटे पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो ना, अगदी तसा, पण ठेक्यात.

मी पंचवीस वर्षं सोसायट्यांच्या पंपांची आणि लायनींची कामं घेतो, त्यामुळे पुढचं मला लगेच कळलं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून मोठ्या धमनीत रक्त जातं तिथे व्हॉल्व्ह असतो. गुंड्याचा व्हॉल्व्ह बरा आहे. त्याच्या जरा खाली, पंपाच्या तोंडाशीच, चिवट कडं वाढलंय. डिलिव्हरी लायनीत कुणीतरी रिड्यूसर (पाइप बारीक करणारा जोड) टाकून ठेवल्यासारखं. माल तेवढाच जायचा आणि तोंड बारीक, म्हणजे वेग वाढणार, आवाज होणार आणि लोड पंपावर येणार. आजाराचं नाव सब-एऑर्टिक स्टेनोसिस. वेगावरून दाब काढायचं गणितही सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले चार. गुंड्याचा वेग सेकंदाला ३.१ मीटर, म्हणजे दाबातला फरक ३८ मिलिमीटर पारा. ५० च्या खाली सौम्य, ५० ते ८० मध्यम, ८० च्या वर तीव्र. आपला गडी सौम्यात.

औषध काही नाही. दर वर्षी इको, भर उन्हात दमवायचा नाही, दातांचं किंवा जखमेचं काही काम निघालं तर अँटिबायोटिकचं आधी विचारायचं. आणि शेवटी, पिशवीत फाइल घालता घालता, डॉक्टर म्हणाले, "ह्याची मेटिंग करू नका हं." कारण विचारेपर्यंत पुढची मांजर आत आली होती.

आता कोलशेतची राणी. दोन वर्षांची, गोऱ्या रंगाची, चांगल्या घरची. उपवनला सकाळी भेटतात ती मंडळी. त्यांना गुंड्या पसंत आहे. पंधरा हजार रोख किंवा एक पिल्लू. अण्णांना पिल्लू हवंय, कारण कचराळी तलावावरच्या कट्ट्यावर त्यांनी जोशांना शब्द देऊन ठेवलाय. राणी पुढच्या आठवड्यात हीटवर येईल असा अंदाज आहे.

गुंड्याकडे बघितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. येऊरच्या चढावर मला ओढत नेतो. कधी चक्कर नाही, खोकला नाही. मग डॉक्टर जरा जास्तच जपतायत का? ज्याला साधी गोळी लागत नाही, त्याने बाप का होऊ नये?

कोलशेत के-नाइन

दादा, टेन्शन घेऊ नका. आजकाल इको मशीन आलंय तर सगळ्यांच्याच हार्टमध्ये काहीतरी निघतं. माझ्या आधीच्या नरालाही मर्मर होता. त्याचे तीन लिटर (म्हणजे तीन वेळची पिल्लं) झाले, वीस-बावीस पिल्लं गेली, आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाचा फोन नाही. सगळी पिल्लं पंचेचाळीस दिवसांना व्हेटने बघून फिट दिलेली. तुमच्याकडे पेपर्स आहेत, ब्लडलाइन चांगली आहे. करून टाका. आणि रोख घेऊ नका, पिल्लूच घ्या, फायद्यात राहाल.

सीवूड्सची माई

पाइपवाले दादा, वरचं वाचून हात थरथरला म्हणून लगेच लिहिलं नाही. दोनदा चहा करून आले.

आमचा चिकू. तोही गोल्डन, तोही पंचेचाळीस दिवसांचा आणलेला, तोही "व्हेटने बघून फिट". पाच महिन्यांचा असताना अंगावर घेऊन बसले होते तर तळहाताला काहीतरी लागलं. कोपराच्या मागे, बरगड्यांवर हात ठेवला की आत कुणी बोटाने मांजा खरवडतंय असं. मला वाटलं, गुरगुरतोय. डॉक्टरांनी सांगितलं की हाताला कळतो तो मर्मर सहापैकी पाच. इकोत वेग साडेपाच मीटर निघाला. दादा, तुमच्या गणिताने करून बघा, १२० च्या वर जातं.

अटेनोलॉल (ठोके संथ ठेवायची गोळी) सकाळ-संध्याकाळ, केळ्याच्या कापात. पळवायचं नाही, चेंडू नाही, इतर कुत्र्यांशी दंगा नाही. चौदा महिन्यांच्या गोल्डनला चेंडू नाही म्हणून सांगायचं. आम्ही घरातले सगळे चेंडू माळ्यावर टाकले तर हा मुलाच्या मोज्यांचे गोळे आणून पायाशी ठेवायचा.

बावीस महिन्यांचा असताना गेला. नेरुळला ज्वेलच्या तळ्याकाठी, सकाळी सव्वासहा. पळत नव्हता हो. बसला होता. समोर बगळा उतरला म्हणून भुंकायला उठला, एकदाच भुंकला. पट्टा माझ्या हातात ताणलेला होता, तो सैल झाला. मी खाली बघेपर्यंत संपलं होतं.

पण हे सांगायला मी लिहीत नाहीये. पुढचं सांगायला लिहितेय.

मी ब्रीडरला फोन केला. भांडायला नाही, नुसतं एवढंच विचारायला की चिकूच्या आईबापांचे इको झालेत का. तो म्हणाला, "मॅडम, बाप चॅम्पियन आहे." म्हटलं, चॅम्पियन असू दे, इको आहे का? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं झालं अगदी. शेवटी बापाचा मालक मीच शोधून काढला, पुण्याचे गृहस्थ, अतिशय सज्जन. त्यांना धक्काच बसला. त्यांनी स्वतःच्या खर्चाने इको केला. वेग २.७. दाब २९. म्हणजे तुमच्या गुंड्यापेक्षाही कमी. पाच वर्षांचा, डॉग शोच्या रिंगमध्ये धावणारा, कधी आजारी न पडलेला कुत्रा. आईची तपासणी मात्र कधीच झाली नाही, ब्रीडरने करू दिली नाही.

आठ पिल्लांचं लिटर होतं. त्यातली पाच मला सापडली. दोघांना मर्मर निघाला, एकाचा इको तीव्र. त्या मुलीशी मी अजून बोलते. तिचा चार वर्षांचा आहे, गोळ्यांवर आहे.

"एकाही गिऱ्हाइकाचा फोन नाही" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते: तुम्ही कुणाला केलात का?

गुरांचा डॉक्टर

मी व्हेट आहे, कोपरखैरण्याला प्रॅक्टिस. (नाव आमच्या आजोबांमुळे. परळच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा ते गावभर सांगत सुटले, नातू बैलघोडा हॉस्पिटलात लागला.)

माई, तुमचं वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

पाइपवाले, तुमच्या डॉक्टरांनी घाईत सांगितलं पण बरोबर सांगितलं. तुमचा प्रश्न दोन प्रश्नांची गाठ आहे. गुंड्या कसा जगेल, हा एक. गुंड्याची पिल्लं कशी निघतील, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चांगलं आहे: सौम्य आजाराचे बहुतेक कुत्रे पूर्ण आयुष्य काढतात. पण त्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर काढता येत नाही.

हे कळायला बराच काळ गेला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉनल्ड पॅटरसन नावाचे संशोधक होते. कुत्र्यांतले जन्मजात हृदयदोष ठरावीक जातींत ठरावीकच का दिसतात, हे त्यांनी १९६० च्या दशकापासून पद्धतशीर तपासलं. पूडलमध्ये एक दोष, कीसहाँडमध्ये दुसरा, न्यूफाउंडलंडमध्ये हा सब-एऑर्टिक. १९७६ साली त्यांच्या गटाने न्यूफाउंडलंडवर पेपर छापला, आणि त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

एक, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत ते कडं नव्हतं. जन्मानंतरच्या आठवड्यांत ते तयार होत गेलं. म्हणजे "जन्मजात" म्हणायचं, पण जन्मताना यायचं ते बीज, कडं नंतर धरतं आणि वाढत्या वयात घट्ट होतं. म्हणून ४५ दिवसांच्या पिल्लाला "फिट" म्हणणाऱ्या व्हेटने खोटं सांगितलं असंच नाही, ऐकू येण्यासारखं तेव्हा काही नसेलही. के-नाइन साहेब, तुमचं सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं खरं होतं. (जाता जाता: भारत सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ४५ दिवस हा आपल्याकडे पडलेला रिवाज आहे, नियम नाही.)

दोन, काही कुत्र्यांत आजार इतका हलका होता की जिवंतपणी कसलंच लक्षण नव्हतं, मेल्यावर चिरून बघितलं तेव्हा व्हॉल्व्हखाली बारीक गाठी दिसल्या. तेही त्याच घराण्यातले. दोष पुढच्या पिढीत जातो तो हलका की भारी हे आधी ठरवून जात नाही. बापात रिड्यूसर पाऊण इंची असला म्हणून पिल्लांत पाऊण इंचीच येईल असं नाही, अर्धा इंचीही येईल. यात एकाहून जास्त जनुकं आहेत असं मानतात, आणि आईकडून काय येणार तेही त्यात मिळतं. २०१४ साली न्यूफाउंडलंडमध्ये एका जनुकातला बदल सापडला. पण गोल्डनसाठी भरवशाची डीएनए टेस्ट आजही नाही, त्यामुळे नळी आणि इको याशिवाय आपल्या हातात काही नाही.

आता तीव्र निघालेल्या पिल्लाचं काय करता येतं? फार नाही. २००५ साली एक अभ्यास छापून आला. तीव्र आजाराच्या काही कुत्र्यांना फुग्याने तोंड मोठं करून दिलं, काहींना नुसतं अटेनोलॉलवर ठेवलं. निम्मे कुत्रे जितके पुढे जगले तो काळ एका गटात ५५ महिने, दुसऱ्यात ५६. फुगा वापरून जास्त काही पदरात पडलं नाही. माणसासारखी उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया कुत्र्यात होऊ शकते, पण जगात मोजक्या ठिकाणी, आणि या आजारात तिचाही आयुष्य वाढवायला उपयोग झाल्याचं दिसलं नाही. म्हणून हा आजार बरा करण्यापेक्षा न पेरण्यात शहाणपण आहे.

घोडबंदरची फ्रेंचीआई

डॉक्टर, मधे घुसते, सॉरी. आमचा फ्रेंच बुलडॉग रात्रभर घोरतो, चालताना धापा टाकतो. हे पण हार्ट का?

गुरांचा डॉक्टर

घोरणं बहुधा नाकाचं आणि टाळ्याचं, त्या चपट्या तोंडाचा प्रसाद. पण नळी लावून घ्या, कारण बुलडॉग मंडळींत उजव्या बाजूचा व्हॉल्व्ह अरुंद असण्याचा दोष मिळतो, पल्मोनिक स्टेनोसिस. त्यात फुगा चांगला उपयोगी पडतो. फक्त बुलडॉगमध्ये काहींची हृदयाला रक्त देणारी धमनीच वेडीवाकडी, त्या अरुंद जागेला वळसा घालून गेलेली असते, तिथे फुगा फुगवला तर ती फाटू शकते. म्हणून आधी ती बघावी लागते. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

रिंगसाइड ऐरोली

मी पंधरा वर्षं शो करतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. डॉक्टरांचं शास्त्र मान्य. पण प्रत्येक मर्मरवाला कुत्रा बाद करत गेलात तर उरणार काय? आपल्याकडे चांगल्या गोल्डनच्या लाइन्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चार बाहेरून आणलेले नर आणि त्यांचीच पुढची प्रजा. त्यातूनही गाळत बसलात तर उरलेल्या दोघा-तिघांवर सगळी जात उभी राहील, आणि मग हार्ट सुटेल तर हिप्स (खुब्याचे दोष) येतील, हिप्स सुटले तर कॅन्सर. सौम्य नराला इको नॉर्मल असलेली मादी द्या, पिल्लांचे इको करा, नॉर्मल निघतील ती पुढे वापरा. शहाणा ब्रीडर असंच करतो.

गुरांचा डॉक्टर

रिंगसाइड, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि काही जातींत, जिथे कुत्रेच कमी उरलेत, तिथे असा विचार करतातही. पण तुमच्या वाक्यातला "पिल्लांचे इको करा" हा भाग कोण करणार ते सांगा. सात पिल्लं सात घरी जाणार, कोणी बोरिवली, कोणी नाशिक. वर्षाची झाल्यावर सातही जणांना बोलावून, पैसे भरून, डॉपलर इको करून, निकाल उघडा लावणारा ब्रीडर तुमच्या ओळखीत किती? अमेरिकेत यासाठी ओएफए म्हणून संस्था आहे, १९६६ पासून. सुरुवात खुब्याच्या एक्स-रेपासून झाली, आता हृदयाचे निकालही नोंदवतात, आणि मालकाने परवानगी दिली की कोणीही नाव टाकून बघू शकतं. आपल्याकडे केसीआयचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. दोन्ही गोष्टी लोक एकच समजतात, तिथे घोळ होतो.

आणि लाइन्स कमी झाल्या त्या मर्मरवाले गाळल्यामुळे नाहीत. एकाच चॅम्पियनच्या दारात सगळ्यांनी रांग लावली त्यामुळे. त्याच्यात दोष असला तर खाण तशी माती.

रिंगसाइड ऐरोली

शेवटच्या वाक्यावर मी भांडणार नाही. 🙏 तरी गाळण्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

कोलशेत के-नाइन

एवढा विचार करून कुत्रे पाळायचे तर मासे पाळा. राणीवाल्यांना मी ओळखतो. पाइपवाले नाही म्हणाले तर माझ्याकडे नर तयार आहे.

पाइपवाला पाचपाखाडी

मंडळी, चार दिवस गायब होतो. मानपाड्याच्या एका सोसायटीत टाकीच फुटली होती.

माईंचा मेसेज मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. बगळ्यापर्यंत आलो आणि माझाच आवाज बसला, पुढचं बायकोने वाचलं. अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांच्या बीपीच्या मशीनची नळी काढली, कानात घातली आणि गुंड्याला म्हणाले, "ये इकडे, संस्थानिक." कुठे ठेवायची ते मी दाखवलं, डाव्या कोपराच्या मागे, जरा पुढे. गुंड्याला वाटलं लाड चाललेत, तो पोट वर करून आडवा. दोनदा त्याने नळी चाटली. अण्णांना ऐकू कमी येतं, तरी ते बराच वेळ बसले डोळे मिटून. मग म्हणाले, "लब्-डब् नाही रे येत. लब्-फुस् येतं." मी म्हटलं, तेच ते. "हे पिल्लांत जाणार?" जाऊ शकतं, आणि ह्याच्यापेक्षा मोठं होऊन जाऊ शकतं. "मग जोशांना काय सांगू?" म्हटलं, खरं ते सांगा. "खरं सांगितलं तर तो विचारेल, मग तुमचा का आणलात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस कट्ट्यावर गेलेच नाहीत.

राणीच्या मालकिणीला फोन केला. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, पण मग राणीचाही करायला हवा ना?" मला हे सुचलंच नव्हतं, खरं सांगतो. मी आपला गुंड्याच्याच तोंडाशी अडकलेलो.

आता के-नाइन साहेबांचा तयार नर. त्याचा कागद राणीवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, त्यांनी मला पुढे पाठवला. मी गुंड्याचा कागद काढला आणि दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. आम्हाला ड्रॉइंग वाचायची सवय, कुठली लाइन कुठून येते ते बोटाने मागे मागे बघत जायचं. तिसऱ्या ओळीत बोट थांबलं. गुंड्याच्या बापाचा बाप आणि त्या नराचा बाप, तेच संस्थानिकाचं नाव, त्याच नंबरासकट. म्हणून त्याच्यात काही आहेच असं मी म्हणत नाही. पण एका राइझरवरचे (वर जाणाऱ्या एकाच उभ्या पाइपावरचे) दोन फ्लॅट आहेत, एकाच्या नळाला आवाज आहे, तर दुसऱ्याच्या दारावर मी निदान टकटक तरी करीन. साहेब, तुमच्या नराचा इको करून घ्या. राग मानू नका.

ज्यांच्याकडून गुंड्या आणला त्यांनाही रिपोर्ट पाठवलाय, नुसता, शिवी न देता. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. गुंड्याच्या भावंडांपैकी कोणी इथे असेल तर मला मेसेज करा. गेल्या वर्षीचं डोंबिवलीतलं लिटर, सहा पिल्लं, दोन नर चार माद्या. मादीपैकी एक ऐरोलीला गेली एवढं आठवतं, कारण ती माणसं आमच्याच बरोबर आली होती, त्यांच्या मुलीने हिरवा रेनकोट घातला होता आणि पिल्लू त्या रेनकोटात गुंडाळून नेलं.

डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. आता मेटिंग नाहीच, तर नसबंदी करून टाकावी का? अशा हृदयाला भूल झेपते का?

गुरांचा डॉक्टर

सौम्य असेल आणि भूल देणाऱ्याला आधी सांगितलं असेल तर झेपते. इकोचा रिपोर्ट हातात घेऊन जा, ईसीजी काढून घ्या, आणि "नेहमीचंच इंजेक्शन आहे" म्हणणाऱ्याकडे करू नका. हृदयाचे ठोके फार वाढणार नाहीत आणि बीपी पडणार नाही, ही दोन्ही पथ्यं भूल देणाऱ्याला माहीत हवीत. सर्जरीच्या वेळी अँटिबायोटिक द्यायला सांगा. घाई मात्र नाही, त्याला सावकाश दीड-दोन वर्षांचा होऊ दे. तोवर राणी हीटवर असेल तेव्हा उपवनऐवजी दुसरीकडे फिरवा, नाहीतर तुमचा संस्थानिक पट्टा तोडून कोलशेत गाठेल.

सीवूड्सची माई

दादा, अण्णांना माझा नमस्कार सांगा. राणीच्या इकोसाठी पत्ता तुम्हाला मेसेज केलाय, आमचा चिकू जायचा तिथलाच. मंगळवार-शुक्रवार असतात, आधी फोन करून जा. अंधारी खोली, भोकाचं टेबल, सगळं तसंच. फक्त तिथे त्या बाई यंत्र लावायच्या आधी ते हातात धरून कोमट करून घेतात. चिकूला ते आवडायचं.

पाइपवाला पाचपाखाडी

मिळाला पत्ता. शुक्रवारी राणीबरोबर मीही जातोय, त्यांच्या घरात पुढचे पाय धरायला कोणी नाही. अण्णा पण येतो म्हणतायत.